बाकीचं चिन्ह : एका बदलाच्या नोंदी

४ ऑगस्ट २०२५

आज चार ओळींची तक्रार आली : "रविवारचा नियम जुन्या तारखांना लागत नाही."

आमची स्क्रिप्ट-भाषा छोटी आहे, वेळापत्रकाच्या साधनात बसवलेली. लोक तिच्यात पाळ्या, सुट्ट्या, उशिराची मोजणी असले नियम लिहितात. तक्रार करणाऱ्याने एका सोमवारची तारीख पाया धरली आहे. तिथपासून किती दिवस झाले ते मोजायचं, ७ ने भागायचं, बाकी ६ आली की रविवार. पायाच्या पुढच्या तारखांना सगळं चोख चालतं. मागच्या तारखांना दिवसांची संख्या ऋण होते आणि आमची भाषा -१ ला ७ ने भागून बाकी सांगते -१. सहा कधी येतच नाही, नियम कधी लागतच नाही.

इतकी वर्षं हे कुणाच्या लक्षात कसं आलं नाही, याचं कोडं दुपारी सुटलं. बहुतेक लोक बाकीची तुलना करत नाहीत. ती बाकी घेऊन वारांच्या यादीतून नाव उचलतात. आमच्या यादीत ऋण क्रमांक शेवटून मोजला जातो, म्हणजे -१ म्हणजे शेवटचं नाव, रविवार. -३ म्हणजे शेवटून तिसरं, शुक्रवार, आणि तेही बरोबरच. सात नावांच्या यादीत सातने भागलेली ऋण बाकी दर वेळी योग्य नावावरच पडते. यादीच्या सोयीने बाकीची गडबड झाकून ठेवली होती.

५ ऑगस्ट

मुळापासून लिहून ठेवते, कारण चर्चेत हे पुन्हा पुन्हा लागणार आहे.

शाळेत सगळ्यांनी घोकलेलं सूत्र : भाज्य = भाजक × भागाकार + बाकी. आता -१७ ला ५ ने भागू. भागाकार -३ धरला तर बाकी -२. भागाकार -४ धरला तर बाकी ३. पडताळा दोन्हींचा जुळतो. म्हणजे सूत्राने निवाडा होत नाही. भागाकार कोणत्या बाजूला वळवायचा ते आपण ठरवतो. शून्याकडे वळवला, म्हणजे दशांश चिन्हापुढचं नुसतं छाटून टाकलं, तर बाकी भाज्याचं चिन्ह घेते. खाली वळवला तर बाकी भाजकाचं चिन्ह घेते. या नोंदींत पहिल्या पद्धतीला 'छाट' आणि दुसरीला 'तळ' म्हणेन.

आमची भाषा छाटते, आणि ते कुणी ठरवून केलेलं नाही. इंटरप्रिटर, म्हणजे स्क्रिप्ट वाचून चालवणारा प्रोग्राम, सी भाषेत आहे, त्याने आकडे घेतले, सीच्या बाकी काढणाऱ्या चिन्हाकडे सोपवले, जे आलं ते परत दिलं. गंमत म्हणजे सीमध्येही हे सुरुवातीला पक्कं नव्हतं. १९८९ च्या मानकाने ऋण संख्यांचा भागाकार कुठे वळवायचा ते प्रत्येक कंपायलरवर (कोडचं यंत्रभाषेत रूपांतर करणाऱ्या प्रोग्रामवर) सोडलं होतं. १९९९ च्या मानकाने छाट पद्धत पक्की केली. फोरट्रान आधीपासून तसंच करत होतं, आणि बहुतेक प्रोसेसरांची भागाकाराची सूचनाही तशीच छाटते. जावा, गो, रस्ट, जावास्क्रिप्ट या सगळ्या त्याच वाटेने गेल्या. पायथन, रूबी आणि लुआ मात्र तळ पद्धतीच्या. पायथनच्या बाजूचं एक कारण आमच्या तक्रारीशी थेट जुळतं : संगणकावर वेळ बहुतेकदा १ जानेवारी १९७० पासूनच्या सेकंदांत मोजतात, त्यामुळे त्याआधीचा क्षण ऋण असतो, आणि त्यातून दिवसातली वेळ काढायची तर दिवसाच्या ८६,४०० सेकंदांनी भागून उरणारी बाकी धनच हवी.

आमच्या डॉक्युमेंटात बाकी काढायच्या चिन्हापुढे एवढंच लिहिलं आहे : "भागाकारानंतरची बाकी देतो."

७ ऑगस्ट

बैठक लांबली. आम्ही चौघं.

मी बदलाच्या बाजूने होते, आणि जोरात होते. माझं म्हणणं : डॉक्युमेंटात 'बाकी' लिहिलं आहे. साधा माणूस बाकी म्हणतो तेव्हा त्याच्या डोक्यात शून्यापासून भाजकाच्या एक अलीकडपर्यंतची संख्या असते. आपण दिलेली -१ ही त्या शब्दाची फसवणूक आहे. बग आहे, दुरुस्त करू, रिलीज नोटमध्ये लिहू.

ज्याने पहिला इंटरप्रिटर लिहिला तो म्हणाला, "डॉक्युमेंटात काय लिहिलंय यावर लोक स्क्रिप्ट लिहीत नाहीत. करून बघतात, आलेल्या उत्तरावर पुढचं रचतात." त्याने हायरम राइट या गूगलमध्ये काम केलेल्या इंजिनिअरच्या नावाने ओळखला जाणारा नियम काढला : वापरणारे पुरेसे झाले की तुमच्या प्रणालीत जे जे दिसतं त्या प्रत्येक गोष्टीवर कुणीतरी विसंबलेलं असतं, तुम्ही वचन दिलेलं असो वा नसो.

मी म्हणाले की या हिशोबाने कधीच काही बदलता येणार नाही. जावास्क्रिप्टला नलचा, म्हणजे 'काहीच नाही' या किमतीचा, प्रकार विचारला तर आजही उत्तर 'ऑब्जेक्ट' येतं. चूक आहे हे सगळ्यांना मान्य आहे, दुरुस्तीचा प्रस्तावही झाला होता, पण जुनी पानं मोडतील म्हणून तो सोडून द्यावा लागला. आणि मेक, कोडच्या फाइलींतून प्रोग्राम बांधणारं ते साधन? १९७० च्या दशकात बेल लॅब्समध्ये स्टुअर्ट फेल्डमन यांनी तो लिहिला तेव्हा ओळीच्या सुरुवातीला टॅब असण्याची अट नको होती हे त्यांच्या लवकरच ध्यानात आलं. तोवर डझनभर लोक वापरू लागले होते, बहुतेक मित्रच. त्यांचं मोडायला नको म्हणून टॅब राहिला. डझनभर लोकांची सोय सांभाळली आणि तेव्हापासून जगातला प्रत्येक मेकफाइल लिहिणारा कधी ना कधी त्या टॅबला अडखळला.

हा दाखला मला अजूनही भारी वाटतो. पण वापरकर्त्यांशी रोज बोलणाऱ्या आमच्या सहकारिणीने शांतपणे विचारलं, "टॅब चुकला तर मेक काय करतं?" थांबतं आणि चूक सांगतं. "आपण बाकी बदलली तर आपली भाषा काय करेल?" काहीच नाही. वेगळा आकडा देईल आणि पुढे जाईल.

माझ्याकडे उत्तर नव्हतं. ठरलं ते एवढंच : अंदाजावर भांडण पुरे, आधी मोजू.

११ ऑगस्ट

मोजणीचं काम सोपं निघालं. बाकी काढताना इंटरप्रिटर आता दोन्ही पद्धतींनी उत्तर काढतो, जुनंच परत देतो, आणि दोन्ही वेगळी असतील तर फाइल व ओळ नोंदवतो. दोन्ही संख्यांची चिन्हं वेगळी असतील आणि बाकी शून्य नसेल, तेव्हाच उत्तरं वेगळी येतात. एरवी फरकच नाही. लोकांनी चाचणीसाठी आपखुशीने दिलेल्या स्क्रिप्टांचा संग्रह आहे, त्यावर रात्री चालवून ठेवलं.

लिहिता लिहिता एक गोष्ट पक्की झाली : बाकी एकटी बदलता येणार नाही. पूर्णांकांचा भागाकारही तिच्यासोबत बदलायला हवा. -७ ला २ ने भागताना भागाकार जुना, -३, ठेवला आणि बाकी नवी, १, घेतली तर २ × -३ + १ = -५. सूत्रच मोडतं. जोडी एकत्र हलेल किंवा जागेवर राहील. माझ्या मूळ प्रस्तावात फक्त बाकी होती. तो प्रस्ताव इथेच बाद.

१४ ऑगस्ट

निकाल वाचायला दोन दिवस गेले, कारण प्रत्येक ठिकाणी स्क्रिप्ट उघडून त्या माणसाला काय हवं होतं ते समजून घ्यावं लागलं.

पुष्कळ ठिकाणी लोकांनी आधीच बंदोबस्त केलेला आहे. बाकी काढ, ऋण आली तर भाजक मिळव. किंवा बाकी काढ, भाजक मिळव, पुन्हा बाकी काढ. हे दोन्ही नव्या पद्धतीतही तंतोतंत चालतं. म्हणजे या लोकांना खड्डा सापडला होता, त्यांनी आपापल्या दारापुरता बुजवला आणि आम्हाला काही कळवलं नाही. एकाने टिप्पणीत "का माहीत नाही पण हे लागतं" असं लिहिलं आहे. ते वाचून वाईट वाटलं.

मग सरळ चुका. संख्या विषम आहे का हे पाहायला २ ने भागून बाकी १ आहे का विचारलं आहे. -३ ची बाकी -१ येते, १ शी जुळत नाही, म्हणून -३ विषम ठरत नाही. एक आठवडा आड पाळी बदलणारा नियम यावर उभा आहे. पायाच्या मागच्या आठवड्यांत तो बदलतच नाही. तळ पद्धत आणली की अशा सगळ्या जागा आपोआप सुधारतात. इथपर्यंत वाचून मला वाटलं, झालं, आपलं म्हणणं सिद्ध झालं.

आणि मग उशिराची मोजणी करणारी स्क्रिप्ट उघडली. ठरलेली वेळ वजा झालेली वेळ, मिनिटांत. उशीर असेल तर संख्या ऋण. समजा -९०. ती ६० ने भागून तास काढले आहेत, बाकीतून मिनिटं, आणि मिनिटांचं वजा चिन्ह काढून छापलं आहे. आज भागाकार -१, बाकी -३०, छापलं जातं -१:३०. दीड तास उशीर. अगदी बरोबर. तळ पद्धतीत भागाकार -२, बाकी ३०. छापलं जाईल -२:३०.

तोच कोड, एक अक्षर न बदलता, दीड तासाचे अडीच तास करेल. चूक दाखवणारी एक ओळसुद्धा येणार नाही. आणि हा अहवाल वाचून कुणीतरी कुणाला तरी उशिराबद्दल जाब विचारणार आहे.

त्याच संग्रहात दुसरी एक जागा : बाकी शून्याहून कमी असेल तर 'उशीर' असा शिक्का. तळ पद्धतीत, भाजक धन असताना, बाकी कधीच शून्याखाली जाणार नाही. शिक्का कायमचा बंद.

हे चुकीचे कोड नाहीत. एखादी लांबी किंवा कालावधी उलट्या दिशेने मोजायचा असेल तर छाट पद्धतच स्वाभाविक आहे. दीड तास उशीर हा दीड तास लवकरचा आरसा असायला हवा. तारखांच्या चक्रात तळ स्वाभाविक, कारण आठवडा मागेही तसाच फिरतो. बाकीचा खरा अर्थ एकच, असं मी धरून चालले होते. अर्थ दोन आहेत, आणि आमची भाषा दोन्ही एकाच चिन्हात कोंबते.

१८ ऑगस्ट

उशिराच्या स्क्रिप्टच्या मालकिणीला पत्र लिहिलं होतं, उत्तर आलं. "तुम्ही म्हणता ते वाक्य डॉक्युमेंटात आहे हे मला आज कळलं. मी -९० घालून पाहिलं, -१ आणि -३० आलं, मला हवं तसंच होतं, म्हणून तसं लिहिलं. ते बदलू शकतं असा विचारच केला नाही. बदलणार असाल तर निदान मला अडवा, गुपचूप बदलू नका."

शेवटचं वाक्य मी चौघांच्या नोंदवहीत वर चिकटवलं आहे.

२० ऑगस्ट

इतरांनी जे बदल केले आणि पचवले, ते का पचले, हे आज नीट तपासलं. मी गोचं उदाहरण तोंडावर ठेवून हिंडत होते, म्हणून तिथून सुरुवात.

गोमध्ये लूपचा (तेच काम फेरीफेरीने करणाऱ्या कोडचा) चल पूर्वी सगळ्या फेऱ्यांसाठी एकच असे. लूपच्या आत त्याचा पत्ता धरून ठेवला किंवा नंतर चालणाऱ्या फंक्शनमध्ये तो वापरला की शेवटी सगळ्यांच्या हातात शेवटच्या फेरीचीच किंमत. २०२० मध्ये लेट्स एन्क्रिप्ट या वेबसाइटांना सुरक्षा-प्रमाणपत्रं देणाऱ्या सेवेच्या प्रणालीत याच जातीच्या चुकीने अनेक नावांच्या प्रमाणपत्रांत एकाच नावाची तपासणी पुन्हा पुन्हा होत राहिली आणि ३० लाखांहून जास्त प्रमाणपत्रं अडचणीत आली. ऑगस्ट २०२३ मध्ये, गोच्या आवृत्ती १.२१ मध्ये, नवी पद्धत प्रयोग म्हणून आली. फेब्रुवारी २०२४ मध्ये, १.२२ पासून, दर फेरीला नवा चल मिळू लागला. तोही ज्या मॉड्यूलच्या (कोडच्या गठ्ठ्याच्या) फाइलमध्ये १.२२ किंवा पुढची आवृत्ती लिहिली आहे त्यालाच. सी-शार्पने २०१२ मध्ये, आवृत्ती ५ ला, फॉरईच लूपसाठी हेच केलं होतं, आणि साधा फॉर लूप तसाच ठेवला.

पायथनचाही एक दाखला आहे, वेळेचाच. तिथे मध्यरात्रीची वेळ 'खोटी' धरली जाई. वेळ दिली आहे का असं विचारलं की बरोबर बारा वाजता उत्तर 'नाही'. आधी हा बदल नाकारला गेला, मग वाद पुन्हा उघडला, आणि ३.५ मध्ये तो दुरुस्त झाला.

या तिन्हींत एक समान धागा दिसतो. जुन्या वागण्यावर जाणूनबुजून विसंबलेला माणूस जवळपास नव्हता. सगळ्या फेऱ्यांना शेवटचीच किंमत मिळावी म्हणून कोण लूप लिहितो? मध्यरात्र खोटी ठरावी अशी कुणाची गरज असेल? तिथे दोन उत्तरं वेगळी आली की जुनं उत्तर चूकच असण्याची शक्यता मोठी. म्हणून गुपचूप बदलसुद्धा बहुतेकांचं भलंच करतो.

आमच्या मोजणीत तसं नाही. वेगळ्या उत्तरांच्या जागा दोन्हीकडे विभागल्या आहेत : काही ठिकाणी जुनं चूक, काही ठिकाणी नवं चूक होईल. कोणत्या बाजूला किती, याला मी आधी महत्त्व देत होते. आता वाटतं की दुसऱ्या बाजूला प्रामाणिक, विचार करून लिहिलेल्या मोजक्या स्क्रिप्टा असल्या तरी गुपचूप बदलाचा हक्क संपतो.

माझी बाजू बदलली. बैठकीत तसं सांगितलं.

२५ ऑगस्ट

म्हणून जसं आहे तसं सोडून द्यायचं, असंही मला मान्य नाही. नवीन येणारा प्रत्येक जण त्याच खड्ड्यात पडणार आहे.

पर्यायांची आजची झाडाझडती :

दोन नावं देणं. हा जुना, सिद्ध मार्ग आहे. एडामध्ये दोन वेगळे शब्द पहिल्यापासून आहेत. फोरट्रानने १९९० च्या मानकात जुन्या फंक्शनशेजारी तळ पद्धतीचं नवं फंक्शन ठेवलं. जावाने २०१४ मध्ये, आवृत्ती ८ ला, तेच केलं. कुणाचंही काही मोडत नाही. पण चिन्ह तसंच राहतं, आणि घाईत हात चिन्हाकडेच जातो. फंक्शन आहे हे खड्ड्यात पडल्यावर कळतं.

फाइलच्या डोक्यावर आवृत्तीची ओळ. ओळ नसेल तर जुना अर्थ, 'आवृत्ती २' असेल तर चिन्हाचा अर्थ तळ. मला हा आवडला होता, गोसारखाच. इंटरप्रिटरवाल्याने तो एका वाक्यात पाडला : "आपले लोक एका फाइलमधून दुसरीत चार ओळी चिकटवतात. उशिराचा कोड नव्या फाइलमध्ये चिकटवला की पुन्हा अडीच तास." खरं आहे. गुपचूप बदल पुढे ढकलला जातो, टळत नाही.

आवृत्ती २ मध्ये ऋण संख्या आली की चूक दाखवून थांबणं. हा माझा. वापरकर्त्यांशी बोलणाऱ्या सहकारिणीने हाणून पाडला, आणि बरोबर केलं : ऋण संख्या कधी येईल ते आकड्यांवर अवलंबून. सहा महिने सुरळीत चाललेली स्क्रिप्ट एका रात्री एका जुन्या तारखेमुळे थांबेल, आणि तेव्हा लिहिणारा माणूस जागेवर नसेल.

संध्याकाळी तिनेच सुचवलं ते असं. आवृत्ती २ च्या फाइलमध्ये बाकीचं चिन्हच नसावं. पूर्णांकांच्या भागाकाराचंही नसावं. छाट जोडी आणि तळ जोडी, दोन्ही नावाने. चिन्ह लिहिलं किंवा चिकटवलं की फाइल वाचतानाच चूक, आकडे यायच्या आधी, लिहिणारा समोर बसलेला असताना.

लिहायला चार अक्षरं जास्त लागतील. मला चिन्हं आवडतात, भाषेत ती भरपूर असावीत असं मी आजवर मानत आले. पण ज्या चिन्हाचे दोन प्रामाणिक अर्थ निघतात ते चिन्ह सोडायची माझी तयारी आहे. चौघांनी हो म्हटलं.

२ सप्टेंबर

कोड आठवड्यात झाला. वेळ खाल्ला तो चुकीच्या संदेशाने. पहिला मसुदा होता "या आवृत्तीत हे चिन्ह उपलब्ध नाही". वाचणाऱ्याला यातून काय मिळालं? आता संदेश त्याचीच ओळ दाखवतो आणि विचारतो : मागे-पुढे फिरणारं चक्र मोजताय (वार, पाळी) की लांबी किंवा कालावधीचे तुकडे करताय (तास-मिनिटं)? पहिल्याला तळ, दुसऱ्याला छाट, आणि -९० व ६० वर दोन्हींची उत्तरं शेजारी शेजारी.

जुन्या फाइलींना हात लावलेला नाही. त्यांचा अर्थ आहे तोच राहील, आणि डॉक्युमेंटातलं ते अर्धवट वाक्य बदलून ऋण संख्यांची उदाहरणं घातली आहेत. फक्त बाकीची तुलना थेट १ किंवा मोठ्या धन संख्येशी केलेली असेल तर तपासणीचं साधन इशारा देईल. रविवारच्या तक्रारीवर तो इशारा बरोबर उमटतो. करून पाहिलं.

भाजक ऋण असेल तर काय, यावर थोडं थांबलो. १७ ला -५ ने भागलं तर तळ पद्धतीत बाकी -३ येते. शाळेतली धन बाकी हवी असेल तर ती तिसरीच पद्धत. संग्रहात ऋण भाजक एकदाही दिसला नाही. तिसरी जोडी आत्ता नको.

९ सप्टेंबर

उशिराच्या स्क्रिप्टच्या मालकिणीने आपणहून फाइल आवृत्ती २ वर नेली. सात ठिकाणी अडली, सातही ठिकाणी संदेश वाचून निवड केली. पाच छाट, दोन तळ. त्या दोन जागा आठवडाआड पाळीच्या होत्या, आणि तिथे आजवर मागच्या तारखांना चुकीचं उत्तर येत होतं हे तिला निवड करताना समजलं. तिने जुने अहवाल पुन्हा काढायला घेतले आहेत.

तिची एक सूचना : तास आणि मिनिटं दोन्ही एकदम हवी असतात, तर भागाकार आणि बाकी एकाच हाकेत मिळावी. वाजवी आहे. उद्या घेते.

रविवारच्या तक्रारदाराला उत्तर पाठवलं, उशीर झाल्याबद्दल माफी मागून. तक्रार बंद.